कापला गेलेला फे

आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका रविवारी रात्री भाच्यानं वंशावळ टाकली. पोरगा पुण्यात नोकरीला असतो, हुशार आहे आणि घरातल्या जुन्या माणसांची त्याला खरोखर माया आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं त्याची थोडी थट्टा होणार आहे. रंगीत चौकटी, चौकटींतून निघालेल्या रेघा, काहींत फोटो, उरलेल्यांत पागोट्याचं चित्र. बायकांच्या चौकटी गुलाबी आणि बहुतेक रिकाम्या. ग्रुपवर अंगठे आणि जोडलेले हात धडाधड येऊन पडले. मीही हात जोडले.

दुसऱ्या दिवशी आत्या आली होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून ती मोबाइलकडं बघतच नाही, म्हणून मीच एकेक चौकट वाचून दाखवायला बसले. थोरले आजोबा, जन्म 1918. त्यांच्या शेजारी माझे आजोबा, म्हणजे आत्याचे वडील, जन्म 1913.

"थांब," आत्या म्हणाली. "पुन्ना वाच."

मी पुन्हा वाचलं. या खेपेला मलाही दिसलं.

"मंग आमचे बापू थोरले झाले की गं, अन् आण्णा धाकले." ती हसली. मग हसू पुसून म्हणाली, "कुनाच्या तोंडचं हाय ह्ये?"

आमच्याकडच्या बायका कुठलीही बातमी अशीच घेतात. कुणाची सोयरीक मोडली, कुणाच्या विहिरीला पाणी लागलं, कोण दवाखान्यात आहे, आधी विचारणार ते 'कुणाच्या तोंडचं?' एसटी स्टँडवर ऐकलं असेल तर त्या बातमीचा एक भाव, तिच्या सख्ख्या जावेनं सांगितलं असेल तर दुसरा. माणूस सांगताना कुठं थांबला, कुठं घसरला, हेही त्यात धरतात. मी तीस-बत्तीस वर्षं शाळेत पोरांना 'उत्तराला धड्यातला आधार द्या' म्हणत लाल पेन चालवला. आणि आता माझ्याच आजोबांच्या जन्मसालाला आधार विचारला तर मी गप्प.

भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "आत्या, तूच तर पाठवलं होतंस."

खरं होतं. डिसेंबर 2023 मधला माझा स्वतःचा मेसेज त्यानं परत माझ्याकडं पाठवला. बोटभर रुंदीची पट्टी होती ती. उजवीकडं अनुक्रमांक, मग उर्दूत आजोबांचं नाव, पणजोबांचं नाव, आणि डाव्या टोकाला आकडा: 1331. खाली मी लिहिलेलं, 'बघा कोण सापडलं!!' पुढं तीन फुलं. कुठं सापडलं, कशात सापडलं, एक अक्षर नाही.

ते दिवस मराठवाड्यात सगळ्यांना आठवत असतील. 2023च्या सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि निजामकाळातल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. शाळांची, तहसिलांची, भूमी अभिलेखची बासनं सुटली. उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना कधी नव्हे तो भाव आला. पानंच्या पानं स्कॅन होऊन संकेतस्थळांवर चढली. ज्यांना पणजोबाचं नाव विचारलं तर डोकं खाजवायचे, ती माणसं झेरॉक्सच्या दुकानापुढं उभी राहून खापरपणजोबाविषयी हुज्जत घालू लागली. मला दाखला काढायचा नव्हता, पण रात्री जेवणं आटोपली की मीही त्या पानांत शिरायची. तशाच एका रात्री एका शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरात आजोबा दिसले. मला उर्दू अक्षरं लावून लावून वाचता येतात. सासरे निजामी शाळेत शिकलेले, त्यांनी शिकवली होती. आनंदाच्या भरात मी स्क्रीनशॉट काढला. वरच्या नोंदीचं शेपूट मध्ये येत होतं, म्हणून वरून कापलं. डावीकडं पानाच्या घडीची काळी रेघ होती, म्हणून तिकडूनही कापलं. भाजी निवडावी तसं ते चित्र निवडून, स्वच्छ करून ग्रुपवर टाकलं.

त्या काळ्या रेघेला चिकटून एक 'फे' होता.

उर्दू कागदात सालाच्या पुढं, म्हणजे डाव्या बाजूला, बहुतेक वेळा एक अक्षर असतं. हिजरी साल असेल तर दोन डोळ्यांचा 'हे' आणि फसली, म्हणजे महसुली साल, असेल तर 'फे', डोक्यावर एक नुक्ता, म्हणजे टिंब, घेतलेला. एवढंसं अक्षर, पण ते गेलं की आकडा पोरका होतो. भाच्याच्या ऑफिसातल्या एका हैदराबादी मुलानं त्याला नाव आणि आकडा वाचून दिला. उर्दूतलं साल म्हणजे हिजरीच असणार, असं धरून भाच्यानं 1331 हिजरी एका साइटवर घातलं. साइटनं सांगितलं, 1913. साइटचं काही चुकलं नाही. हिजरी 1331 हे डिसेंबर 1912 ते नोव्हेंबर 1913 असंच येतं. तिला विचारलेलंच चुकीचं होतं.

मी म्हटलं, "अरे, ते फसली असणार. निजामाच्या राज्यात शाळेचं, शेताचं, कचेरीचं सगळं फसलीत चालायचं."

पंधरा मिनिटांत त्यानं दुरुस्त चौकट पाठवली: जन्म 1923-24. हेही खटकलं. विचारलं तर म्हणाला, एका लेखात दिलंय, फसलीत 592-593 मिळवायचे. लेखही खरा, पण तो उत्तरेकडच्या फसलीचा. फसल म्हणजे पीक, हंगाम. सारा पिकाच्या हंगामाला वसूल करायचा, आणि हिजरी साल तर चांद्र, दर वर्षी दहा-अकरा दिवस मागं सरकणारं. म्हणून ही सौर मोजणी आली. उत्तरेत अकबराच्या काळी, आपल्या दख्खनेत शहाजहानच्या काळी. सुरुवात वेगवेगळ्या वेळी झाली आणि मधल्या वर्षांत हिजरी पुढं पळालेलं, त्यामुळं दोन फसलींत दोन-एक वर्षांचं अंतर कायमचं पडलं. आपल्याकडं मिळवायचे ते 590 किंवा 591. निजामी फसलीचं वर्ष आझुर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापासून धरायचे. आझुर ते डिसेंबरअखेर 590, जानेवारीपासून पुढं 591. म्हणजे आजोबा ऑक्टोबर 1921 ते ऑक्टोबर 1922 या वर्षातले.

एका आकड्याचे तीन जन्म झाले. तिन्ही वेळा गणित बरोबर होतं.

आता महिना बघायला पूर्ण पान हवं होतं. मी निवांत होते, कारण लिंक मी स्वतःलाच पाठवून ठेवली होती. उघडली. पान सापडले नाही. पुन्हा उघडली. पान सापडले नाही. संकेतस्थळाची सगळी मांडणी दरम्यानच्या काळात बदलली होती. रंग नवा, बटणं नवी, आणि नोंदींची जुनी यादी कुठल्या कोपऱ्यात गेली ते कळेना. आपल्याकडं तर या काळात गावांच्या पाट्याही बदलल्या. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव झालं. इंटरनेटवर पाटी हाच पत्ता असतो. लिंक जपून ठेवणं म्हणजे पाहुण्याच्या घराची खूण म्हणून 'दारात लाल गाडी उभी असते' एवढंच लिहून ठेवण्यासारखं आहे.

मग गेले वेबॅक मशीनकडं. अमेरिकेतली इंटरनेट अर्काइव्ह ही संस्था 1996 पासून जगभरच्या साइटींची पानं साठवते, आणि 2001 पासून ती कुणालाही उघडून बघता येतात. पत्ता घालायचा, तारीख निवडायची. मुखपृष्ठ मिळालं. गावांची यादीसुद्धा मिळाली. पण आमच्या गावावर टिचकी मारली की पुढं काही नाही. त्यांच्या यंत्राच्या वाटेत जे येतं ते साठतं, आणि असल्या मोठमोठ्या पीडीएफ फायली पुष्कळदा वाटेत येत नाहीत. आपण होऊन एखादं पान 'हे साठवा' म्हणून त्यांच्याकडं देता येतं, एक मिनिटाचं काम. मी त्या रात्री फुलं पाठवत होते. (आता देते. आणि तरीही एक प्रत घरात ठेवते, कारण 2024च्या ऑक्टोबरात त्या अर्काइव्हवरच हल्ला झाला आणि ते काही दिवस बंद होतं. कोठारालासुद्धा ताप येतो.)

चीड याची आली की हे मला माहीत नव्हतं अशातला भाग नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियावर मी हैदराबाद संस्थानाच्या जुन्या खानेसुमारीचा, म्हणजे जनगणनेचा, एक खंड वाचत असे. एकेक पान उघडायला भाकरी भाजून व्हायची. त्या साइटवर लिंक धडपणे घेता येत नसे, म्हणून नाइलाजानं वहीत पुस्तकाचा बारकोड उतरवून ठेवला होता, पुढं पान क्रमांक. नंतर ती साइट बंद झाली. पण तोवर तिच्यातली लाखो पुस्तकं इंटरनेट अर्काइव्हवर गेली होती, आणि तिथं प्रत्येकाच्या माहितीत जुना बारकोड जसाच्या तसा होता. मी वहीतला आकडा घातला आणि पुस्तक पुढ्यात. म्हणजे जिथं सोय नव्हती तिथं मी शहाण्यासारखी वागले, आणि जिथं बोटाच्या टोकावर सगळी सोय होती तिथं नुसती लिंक घेऊन मोकळी झाले.

त्या खानेसुमारीनं दुसरीही गोष्ट शिकवली होती, ती मात्र चांगली लक्षात राहिली. सुरुवातीला मी 'लातूर जिल्हा' शोधायची आणि काहीच मिळायचं नाही. मिळणार कसं? लातूर जिल्हा झाला 1982 साली. आमचा निलंगा तालुका निजामाच्या राज्यात बिदर जिल्ह्यात होता. 1956 साली भाषावार राज्यं झाली, तेव्हा बिदर म्हैसूर राज्यात गेला आणि निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके उस्मानाबादला जोडले गेले. 1960 साली महाराष्ट्र झाला. आजोबांनी आपला वाडा कधी सोडला नाही, तरी ते हैदराबाद, मुंबई आणि महाराष्ट्र अशा तीन राज्यांत आणि बिदर, उस्मानाबाद, लातूर अशा तीन जिल्ह्यांत राहिले. त्यातून इंग्रजांची स्पेलिंगं. 1908च्या इम्पीरियल गॅझेटियरमध्ये बीड शोधायचं तर 'भीर' शोधावं लागतं आणि नांदेड शोधायचं तर 'नांदेर'. अंबाजोगाई मोमिनाबाद म्हणून सापडते. गावाचं आजचं नाव घेऊन जुन्या कागदांत शिरणं म्हणजे सासरच्या नावानं माहेरात चौकशी करणं. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहून ज्यांचं जुनं नाव पुसलं गेलं, त्या बायकांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

हीच गोष्ट त्र्यंबकेश्वरला मी समोर घडताना पाहिली. दादा गेल्यानंतर भावाबरोबर मी गेले होते. तिथं येणाऱ्या घराण्यांच्या नोंदी वह्यांत ठेवणारे आमचे तीर्थोपाध्याय म्हातारे, एका डोळ्यानं अधू. त्यांनी विचारलं, गाव कोणतं, आडनाव काय, जिल्हा कोणता. भाऊ म्हणाला लातूर. त्यांनी एक वही काढली, उलटली, ठेवून दिली. "आधी?" भाऊ म्हणाला उस्मानाबाद. दुसरी वही. त्यात चुलत घराण्यातलं कुणीतरी होतं, आमचं कुणी नाही. "त्याच्या आधी?" भाऊ माझ्याकडं बघू लागला. मी म्हटलं, बिदर. म्हातारबुवा पहिल्यांदा हसले आणि आत जाऊन लांबट, सुताच्या दोरीनं बांधलेली एक वही घेऊन आले.

वहीचा कागद मळकट पिवळा, कडा उंदरानं कुरतडलेल्या, शाई अजून काळीभोर. मोडीत पाच-सहा ओळी. पणजोबा आपल्या भावासह आले होते, शके अमुक, महिना, तिथी. बापाचं नाव, आजाचं नाव, भाऊ, मुलगे. मुली नाहीत. पणजीचं नाव मात्र होतं, आणि ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. खाली नांगराचं छोटं चित्र काढलेलं, त्यापुढं शब्द: 'निशाणी नांगर', आणि त्यापुढं 'बिकलम' म्हणून एक परकं नाव. उपाध्यायांनी सांगितलं, निशाणी पणजोबांची. लिहिता येत नव्हतं, म्हणून शेतकऱ्यानं नांगर काढायचा. बिकलम म्हणजे ज्याच्या हातानं मजकूर लिहिला तो.

त्या ओळीवरून माझी नजर हलेना. सांगितलं कुणी, लिहिलं कुणी, कधी, कुठं, हे सगळं चार बोटं जागेत. ज्याला सही करता येत नव्हती त्यानंही आपण सांगितल्याची खूण ठेवली होती. आणि लिहिणाऱ्यानं, चुकलं तर हात माझा, असं नाव घालून कबूल केलं होतं. मी एम.ए., बी.एड., मी ठेवली तीन फुलं.

आमच्या सीमेकडच्या भागात हेळवी यायचा, त्याचंही असंच. नंदी घेऊन यायचा, ओट्यावर बसायचा आणि घराण्याची नावं म्हणायला लागायचा. पण त्याआधी आपला आजा कुणाच्या दारी आला होता आणि त्याला काय दान मिळालं होतं ते सांगायचा. आम्ही पोरं कंटाळायचो. आता वाटतं, तो नावं सांगण्याआधी आपल्या वहीची वंशावळ सांगत होता.

फॅमिलीसर्च या साइटवर अशा तीर्थाच्या वह्यांची छायाचित्रं आहेत. मॉर्मन पंथाची संस्था ती, मुख्यालय अमेरिकेतल्या युटा राज्यात. खातं फुकट काढता येतं, पण सगळीच चित्रं घरबसल्या उघडत नाहीत. हरिद्वारच्या वह्या चाळत मी एकदा तीन तास घालवले. आमचं कुणी सापडलं नाही. पण या वेळी चित्रगटाचा क्रमांक, चित्र कितव्यापासून कितव्यापर्यंत पाहिलं, आणि पुढं 'नाही' असं लिहून ठेवलं. हे 'नाही' लिहिणं फार मोलाचं आहे. नाहीतर सहा महिन्यांनी आपणच पुन्हा त्याच वह्यांत त्याच उमेदीनं शिरतो, मी दोनदा शिरले आहे.

असो. वंशावळीकडं परत येते. त्या एका फेनं मला एवढं खजील केलं की मी भाच्याच्या झाडाची एकेक फांदी धरून 'कुणाच्या तोंडचं' विचारत बसले. निम्म्याहून अधिक चौकटींना उत्तर नव्हतं. पणजोबांच्या आधीच्या दोन पिढ्या त्यानं नेटवरच्या कुणाच्यातरी झाडावरून उचलल्या होत्या. म्हणाला, "पाच ठिकाणी तेच दिलंय, आत्या." पाचही उघडून बघितली. पाचही ठिकाणी एकाच नावात एकच टायपिंगची चूक. घागरी पाच, विहीर एकच. आणि त्या विहिरीत पहिलं पाणी कुणी ओतलं, ते कुठंच नाही. मला वाटतं, बहुधा ऑर्कुटवरच्या आमच्या आडनावाच्या कम्युनिटीत इंदूरच्या एका काकांनी लिहिलं होतं तेच फिरत फिरत आलं असावं. ते मी तेव्हा वाचलं होतं, उतरवून घेतलं नाही. ऑर्कुट सप्टेंबर 2014 मध्ये मिटलं. काकांचं नाव आता आठवत नाही, म्हणून माझ्या वहीत नोंद आहे: 'ऑर्कुटवर कुणीतरी'. असल्या नोंदीची मला लाज वाटते, पण खोटी नोंद करण्यापेक्षा ही बरी.

आजीच्या माहेरची फांदीही त्यानं भरली होती. ते गाव भूकंपाच्या पट्ट्यातलं. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे तीन छप्पनला दगडमातीचा तो वाडा बसला. आजीचा भाऊ आणि वहिनी त्यात गेली. मोडी कागदांची पत्र्याची पेटीही गेली, पण पेटीबद्दल त्या घरात कुणी कधी बोललं नाही, आणि मलाही विचारायचं धाडस झालं नाही. त्या फांदीवर भाच्याच्या झाडात सात नावं होती. कुणाच्या तोंडची, त्याला सांगता येईना. मी ती पेन्सिलनं लिहून ठेवली आहेत. पुसली नाहीत, शाईही फिरवली नाही.

आजोबांच्या महिन्याचं काम मात्र राहिलं होतं. संकेतस्थळावरचं पान हरवलं तरी ज्याचा फोटो तिथं होता ते रजिस्टर तर गावातच असणार, हे मला सुचायला लाज वाटावी इतके दिवस लागले. घरात बसून सगळं जग दिसतं, त्यामुळं एसटीत बसायचं सुचत नाही. निजामाच्या वेळची तहतानिया, आताची जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा. मुख्याध्यापक माझ्याहून वीस वर्षांनी लहान. मी निवृत्त शिक्षिका म्हटल्यावर चहा आला. माझ्या बोटभर पट्टीवर एकच कामाची गोष्ट नकळत उरली होती, ती म्हणजे उजवीकडचा अनुक्रमांक. त्यांनी लोखंडी कपाटातून लाल बासन काढलं, टेबलावर सोडलं. कापडाला डांबराच्या गोळ्यांचा वास. तिसऱ्या रजिस्टरात तो अनुक्रमांक निघाला.

सोबत मी आमच्या सकाळच्या फिरण्याच्या कट्ट्यातल्या, उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या एका बाईंना नेलं होतं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि नाक कागदाला लावलं. "देखो, फे," त्या म्हणाल्या. घडीच्या अगदी कडेला, अर्धा घडीत गेलेला, पण नुक्ता स्वच्छ. आणि सालाच्या वर, मी कापून टाकलेल्या ओळीत, महिना: अमरदाद.

अमरदाद म्हणजे साधारण जून. म्हणजे जून 1922.

एक शंका होतीच. शाळेतला जून म्हटलं की माझ्या मनात पाल चुकचुकते. गावोगावची निम्मी जनता 1 जूनला जन्मलेली आहे ती आम्हा मास्तर लोकांच्या कृपेनं. पोराला नाव घालायला आणलं, बापाला तारीख ठाऊक नसली, की लिहा 1 जून. आजोबांच्या मास्तरांनीही तसंच काही केलं नसेल कशावरून? तेवढ्यात आत्याचं एक वाक्य आठवलं. लहानपणी ती म्हणायची, बापू मिरगात झाले, आजी सांगायची की बाळंतिणीच्या खोलीत पाणी गळत होतं. आत्याची ती आजी, म्हणजे माझी पणजी, अक्षरशत्रू; शाळेचं रजिस्टर तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. आणि मास्तरांनी गळकं छप्पर पाहिलं नव्हतं. एकमेकांशी न बोललेले दोघे साक्षीदार एकच महिना सांगत होते. मिरग लागतो तो 7-8 जूनला. इथं माझं समाधान झालं.

पानाचा फोटो काढला. पूर्ण पानाचा, घडीच्या काळ्या रेघेसकट. मग रजिस्टरच्या पुठ्ठ्याचा. मग पहिल्या पानाचा, जिथं शाळेचं नाव आणि साल आहे. फाइलच्या नावातच फसली साल, गाव, रजिस्टर आणि अनुक्रमांक घातला. वहीत लिहिलं, कुणी वाचून दिलं, कुठल्या दिवशी. जे दिसलं ते एका रकान्यात, मला जे वाटतं ते दुसऱ्यात. दोन्हीत गल्लत होऊ नये म्हणून दुसऱ्या रकान्याला हिरवी शाई. भाच्याला सगळं पाठवलं. त्यानं चौकट बदलली आणि चौकटीखाली, मी न सांगता, बारीक अक्षरात रजिस्टरचा पत्ता घातला. मी त्याला तीन फुलं पाठवली.

मग आत्याकडं गेले. सांगितलं, बापू जून बावीसचे, धाकलेच.

"त्ये मला ठावं व्हतं," ती म्हणाली. जरा वेळानं म्हणाली, "अन् माझं काय लिवलंय त्यानं?"

तिच्या गुलाबी चौकटीत होतं: 1 जानेवारी 1950. आधार कार्डावरचं. ती शाळेत गेलीच नाही, त्यामुळं तिचा कुठल्याच बासनात शोध लागणार नाही. मी वही उघडली आणि म्हटलं, "तूच सांग."

"पोलीस ॲक्शनला मी रांगत व्हते. अन् झाले तवा हरभऱ्याला घाटे आल्ते."

मी लिहिलं. पोलीस ॲक्शन, म्हणजे हैदराबाद संस्थानावरची लष्करी कारवाई, सप्टेंबर 1948 ची, म्हणून हिरव्या शाईनं शेजारी लिहिलं: जानेवारी-फेब्रुवारी 1948 च्या आसपास. पुढं लिहिलं: आत्याच्या तोंडचं, तिला तिच्या आईनं सांगितलेलं. तारीख घातली, लातूर घातलं.

"वाच," ती म्हणाली. मी वाचलं.

"मायनं न्हाई सांगितलं. माय कवा बोलायची असलं. सुईनीनं. दर पंचमीला खण न्यायला यायची, तवा मला म्हनायची, तुझ्या येळंला मी वटीत घाटे घिऊन खात खात आल्ते."

मी 'आईनं' खोडलं, वर 'सुईणीनं' लिहिलं. "तिचं नाव काय होतं गं?"

आत्यानं डोळे मिटले. ओठ हलत होते, एकेक घर आठवत जावं तसे. खाली गल्लीत भाजीवाल्याचा भोंगा येऊन गेला.

"सुईनबाईच म्हनायचो की आमी सगळे," ती म्हणाली. "लिव्ह तसंच."